लहानपणीचा एखादा वास आला की सगळं एकदम का आठवतं?
कारण वासाचा मेंदूतला रस्ता सगळ्यात जवळचा आहे. दिसलेलं, ऐकलेलं आधी थॅलॅमसमधून (मेंदूच्या मधोमध असलेल्या, संदेश पुढे पाठवणाऱ्या थांब्यातून) जातं. नाकातला संदेश मात्र भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालापर्यंत जवळजवळ थेट पोचतो आणि आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस तिथून लगतच असतो. शिवाय एखादा वास पहिल्यांदा ज्या प्रसंगाशी जोडला जातो, ती जोडी पक्की बसते, आणि बरेचसे वास आपल्याला पहिल्यांदा लहानपणीच भेटतात. म्हणून वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी पुष्कळदा वयाच्या पहिल्या 10 वर्षांतल्या निघतात. नुसता शब्द देऊन विचारलं तर लोक किशोरवयातलं आणि तरुणपणातलं जास्त सांगतात. असा वास जपायचा असेल (जुनं कंपासपेटीतलं खोडरबर, आजीची शाल) तर वस्तू न धुता हवाबंद डब्यात ठेवा आणि क्वचितच उघडा. सारखं हुंगलं की दोन गोष्टी बिघडतात: नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं, आणि वासाला आजचे प्रसंग चिकटून जुनी जोडी पुसट होते. एक मात्र आहे, अशी आठवण कितीही जिवंत वाटली तरी ती अचूक असेलच असं नाही. तपशील घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या.