पोस्टग्रेसमध्ये मराठी नावांसाठी एन्कोडिंग आणि लोकेल कोणते ठेवावे?

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या कोऱ्या सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवल्यानंतर मराठी मजकूर नीट दिसतो, पण त्याची लांबी तिप्पट भरते आणि यादीत क्षीरसागर हे आडनाव कोल्हे व खरे यांच्यामध्ये येते, असे आपण लिहिले आहे. या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

लांबीचा घोळ एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीचा, आहे. सर्व्हरचे लोकेल (भाषा व प्रदेशाची मांडणी) ‘सी’, म्हणजे कुठल्याही भाषेचे नियम नसलेले, असताना क्लस्टर (पोस्टग्रेसच्या डेटाबेसांचा संच) तयार झाला, तर एन्कोडिंग आपोआप एसक्यूएल-आस्की होते. त्यात पोस्टग्रेस आलेले बाइट न तपासता ठेवतो आणि अक्षरांऐवजी बाइटच मोजतो. म्हणून ‘मराठी’ची लांबी यूटीएफ-८ मध्ये ५ येते, तर आपल्याकडे १५. तयार डेटाबेसचे एन्कोडिंग बदलता येत नाही. पीजी-डंप हे डेटाबेसची प्रत काढणारे साधन चालवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगावे, म्हणजे अवैध बाइट तिथेच अडतील, आणि टेम्पलेट-शून्य या पोस्टग्रेसच्या कोऱ्या साच्यावरून नवा यूटीएफ-८ डेटाबेस तयार करून त्यात डंप भरावा.

अनुक्रमाचा प्रश्न कोलेशनचा, म्हणजे मजकुराचा क्रम लावण्याच्या नियमांचा, आहे आणि नुसत्या यूटीएफ-८ ने तो सुटणार नाही. युनिकोडच्या संकेतांकांत ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, तर क्ष हे क, हलन्त आणि ष असे तुटते. आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात, त्यामुळे कावरे आणि काशीकर ही दोन्ही आडनावे काळेच्या आधी यायला हवीत. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन हा क्रम पाळते.

तरीही ते संपूर्ण डेटाबेसला लावावे, असे मला वाटत नाही. पोस्टग्रेसची आवृत्ती १७ किंवा पुढची असेल, तर त्याचा अंगभूत सी-यूटीएफ-८ लोकेल डेटाबेसचा मूळ लोकेल म्हणून घ्यावा: तो संकेतांकांप्रमाणे झटपट क्रम लावतो, ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून राहत नाही आणि, साध्या सी लोकेलप्रमाणे न वागता, रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकूर शोधण्याच्या नमुन्यांत) देवनागरी अक्षरांना अक्षर म्हणून ओळखतो. माणसांसमोर यादी म्हणून येणाऱ्या आडनाव, गाव अशा स्तंभांनाच आयसीयूचे मराठी कोलेशन द्यावे.

सर्व्हरच्या लोकेलवर विसंबण्याचा धोका काल्पनिक नाही. लिनक्सची मूळ लायब्ररी जीलिबसी हिच्या २.२८ आवृत्तीत (२०१८) कोलेशनचे नियम बदलले आणि डेबियन १० वर जाताना जुने मजकूर-इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या क्रमवार सूची), कुठलीही त्रुटी न दाखवता, चुकीचे ठरले. आयसीयूही बदलतो, पण पोस्टग्रेस त्याच्या कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवतो व फरक आढळल्यास इशारा देतो, आणि तेव्हा फक्त त्या मोजक्या स्तंभांचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात.