वाईट बोलल्याने दुखणं वाढतं का?

‘मी सारखी रडगाणं गाते, म्हणूनच बरी होत नाही का?’ दीर्घ आजार असलेल्यांकडून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. ‘शब्दांचा शरीरावर परिणाम होतो’ असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. वाक्य खोटं नाही. पण त्यातून घेतलेला अर्थ बहुतेक वेळा उलटा असतो.

एक ताई आमवाताच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). कशा आहात विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘एकदम मस्त!’

‘डॉक्टरांनाही हेच सांगता?’

‘हो, मॅडम. नकारात्मक बोलायचं नाही असं ठरवलंय.’

‘मग औषध कमी-जास्त करायचं ते त्यांनी कशावरून ठरवायचं?’

त्या गप्प झाल्या. सुजलेली बोटं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळेपणाने चोळली.

मी त्यांना 1999 साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये आलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. दमा आणि आमवाताच्या रुग्णांना तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत तणावाच्या अनुभवावर लिहायला सांगितलं होतं. चार महिन्यांनी त्यांतल्या सुमारे 47 टक्के रुग्णांत दखल घ्यावी अशी सुधारणा दिसली. साध्यासुध्या विषयांवर लिहिणाऱ्यांत ती सुमारे 24 टक्क्यांत होती. म्हणजे ज्यांनी वाईट ते कागदावर उतरवलं, तेच जास्त सावरले.

ताईंनी लिहायला सुरुवात केली. पहिल्या पानावर नुसती यादी: बोटं मिटत नाहीत, झोप नाही, वैताग आलाय. नंतरच्या एका पानावर मात्र हे होतं: ‘आई गेली तेव्हा मी रडले नाही, कारण सगळ्यांना मलाच सावरायचं होतं. आता लक्षात येतंय, तेव्हापासून मी कुणाकडे काही मागितलंच नाही.’ वाचता वाचता त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, हे मला माहीत होतं. पण असं जोडून कधी दिसलं नव्हतं.’

या क्षणाची मी वाट पाहत होते. माणूस आपली गोष्ट सलग सांगू लागला की सावरू लागतो, असं मी पहिल्यापासून मानत आले आहे. टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी अशा लिखाणातले शब्द संगणकाकडून मोजून घेतले, तेव्हा ज्यांची तब्येत सुधारली त्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘कळलं’, ‘लक्षात आलं’ अशा शब्दांचं प्रमाण दिवसागणिक वाढत गेलेलं दिसलं. दुःखाचे शब्द अजिबात न वापरणारे आणि त्यांतच बुडून राहणारे, दोघांनाही फायदा कमी. ‘मी’वरून इतरांकडे आणि परत ‘मी’कडे अशी ये-जा करणाऱ्यांना तो जास्त झाला, असंही पुढे आढळलं. माझा समज संशोधनाशी इतका जुळतो याचं थोडं समाधान वाटतं, नाकारत नाही.

पण जादू समजू नका. 2006 साली 146 अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सरासरी फायदा छोटाच निघाला. ताईंनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना खरं सांगितलं, औषध बदललं आणि सकाळचा ताठरपणा कमी झाला. त्याचं श्रेय मी औषधालाच देते. लिखाणाने त्यांचं तोंड उघडलं, एवढंच.

करून पाहायचं असेल तर तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहा. नंतर पानं फाडून टाकली तरी चालतील. लिहून झाल्यावर तासभर उदास वाटू शकतं, त्याला घाबरू नका. मात्र आघात अगदी ताजा असेल तर काही आठवडे जाऊ द्या. तेच वाक्य रोज पानावर फिरून येत असेल, ‘कारण’ काही केल्या सापडत नसेल, तर वही मिटा आणि एखाद्या माणसाशी बोला. गोळ्या मात्र कुठल्याही परिस्थितीत आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.