रेल्वे सिम्युलेटरमध्ये ब्रिटिश गाड्या टाकायच्या तर पहिल्या पाच कुठल्या घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की तिघा मित्रांनी मिळून सिम्युलेटर, म्हणजे गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम, बनवायला घेतलाय, उत्तर इंग्लंडमधला एखादा रूट करायचाय आणि यादीत सध्या फ्लाइंग स्कॉट्समन आणि मॅलार्ड ही वाफेची नावाजलेली इंजिनं आणि समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार आहेत. ती यादी वाचली आणि राहवलं नाही. तिन्ही काढा. आधी रूट ठरवा, मग साल ठरवा, आणि त्या साली त्या रूटवर मंगळवारी सकाळी लोक जिच्यात बसून कामाला जायचे ती गाडी पहिली टाका.

मॅलार्डने ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल गाठले, वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम आहे, मलाही त्याचं कौतुक आहेच. पण वाफेचं इंजिन म्हणजे बॉयलर, पाणी, आग सगळं गणितच वेगळं, तुमचं वर्ष त्यात जाईल आणि पुढच्या डिझेल गाडीला त्यातलं फारसं काही उपयोगी पडणार नाही.

मी २०१८-१९ मध्ये हडर्सफील्डला एमएससी करत होतो आणि शेफील्डला मामेभाऊ राहायचा, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी पेनिस्टोन लाइनने जाणंयेणं. सव्वा तासाचा प्रवास, बार्न्सलीवरून, आणि गाडी बहुतेक वेळा पेसर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऐंशीच्या दशकात ब्रिटिश रेलकडे पैसे नव्हते आणि जुन्या डिझेल गाड्या मोडकळीला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी चक्क लेलँडच्या बसची बॉडी चार चाकांच्या सांगाड्यावर बसवली. क्लास १४२ च्या (क्लास म्हणजे ब्रिटिश गाडीच्या प्रकाराचा नंबर) अशा ९६ गाड्या १९८५ ते ८७ मध्ये बांधल्या. दरवाजे बससारखे घडीचे, सीट बसची. लोक शिव्या घालायचे तिला. मला ती आवडायची, अजून आवडते.

तेव्हा मी एका हौशी ग्रुपमध्ये होतो, ते एका सिम्युलेटरसाठी याच भागातला रूट करत होते. पेसर काढून टाकणार हे ठरलेलंच होतं म्हणून मी रेकॉर्डर घेतला, हाताने पकडला तर कपड्यांचा आवाज येतो म्हणून मफलर गुंडाळून सीटखाली ठेवला आणि थंडीत तीन शनिवार गाडी रेकॉर्ड केली. दरवाज्याची खडखड, पेनिस्टोनला शिरताना वळणावर चाकं किंचाळतात ते, सगळं. आणि मुख्य म्हणजे रुळांच्या सांध्यांचा आवाज. आपण बोगी म्हणजे डबा म्हणतो पण इथे बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा. साध्या डब्याला असे दोन गाडे असतात म्हणून सांध्यावर ठकठक... ठकठक असं जोडीने वाजतं. पेसरला बोगीच नाही. एका डब्याला दोनच अ‍ॅक्सल, ते पण एकमेकांपासून नऊ मीटर लांब. म्हणून एकेकटा ठक, मग थांबा, मग ठक, आणि प्रत्येक ठक थेट पाठीच्या कण्यात. डोळे मिटून सांगता येतं की आपण पेसरमध्ये आहोत.

ग्रुपने काय केलं तर स्प्रिंटरचा, म्हणजे बोगीवाल्या दुसऱ्या डिझेल गाडीचा, आवाज उचलून पेसरला लावला. ठकठक, ठकठक. मी सांगितलं की हे चुकीचं आहे, फाइल तयार आहेत, फक्त बदला. ग्रुप चालवणारे म्हणाले कोणाच्या लक्षात येणार नाही आणि तसंही बस कोण चालवणार, लोकांना मोठी नावं हवीत. आणि तीच माणसं फ्लाइंग स्कॉट्समनच्या टेंडरवरचे (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरचे) रिव्हेट मोजत बसली होती! मी बाहेर पडलो. आजही माझं मत तेच आहे की जी गाडी लोकांनी पस्तीस वर्षं रोज वापरली तिचा आवाज नीट लावता येत नसेल तर रिव्हेट मोजून उपयोग नाही.

तर तुमच्यासाठी, पेसर १४२. क्लास १५० स्प्रिंटर, कारण तिलाही पेसरसारखाच तीन पायऱ्यांचा ब्रेक, एकदा कोड लिहिला की दोन गाड्या होतात. मालगाडीसाठी डिझेल इंजिन क्लास ३७, आणि साल २००० च्या पुढचं घेतलंत तर क्लास ६६. ३७ घेण्याचं आणखी एक कारण, ती इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची आणि त्यातली बरीचशी व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली, आपल्या मध्य रेल्वेची डब्ल्यूसीएम-१ ही विजेची इंजिनं जिथली तिथलीच.

पाचवं क्लास ७६ हे विजेचं इंजिन, पेसरच्या आधीचं साल घेतलंत तर, पण यावर मी अडून बसेन. पेनिस्टोनवरूनच मँचेस्टर-शेफील्ड वुडहेड लाइन जायची, १५०० व्होल्ट डीसी, मुंबईत मध्य रेल्वेवर कितीतरी वर्षं होता तोच करंट. १९५४ मध्ये पूर्ण विजेवर आली आणि १९८१ मध्ये घाटातला भाग बंद करून टाकला. ही इंजिनं उतारावर वीज तारेत परत सोडायची. उद्या तुम्हाला कर्जत-लोणावळा करायचं असेल तर डीसी इंजिनाचं अर्धं काम आधीच झालेलं असेल.

एचएसटी (हाय स्पीड ट्रेन, वेगवान डिझेल गाडी) मला प्रचंड आवडते पण या रूटवर ती नको. पुढे पॅडिंग्टन-ब्रिस्टल केलंत तर घ्या, फक्त १९७६ ची घेतलीत तर व्हॅलेंटा इंजिनाची शिट्टी हवी, नंतर बसवलेल्या एमटीयू इंजिनाचा आवाज तिला लावू नका.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. एडब्ल्यूएस, म्हणजे ड्रायव्हरला सिग्नलची सूचना देणारी यंत्रणा, कराच, हिरव्या सिग्नलला घंटा, बाकीच्याला भोंगा, तो दाबून बंद केला की काळीपिवळी तबकडी. त्याशिवाय ब्रिटिश कॅब म्हणूच नका. विकणार असाल तर कंपन्यांचे रंग आणि लोगो वापरायची परवानगी आधी घ्या. आणि लंडनच्या दक्षिणेचा रूट घेतलात तर तिथे गाडीला वीज देणारा तिसरा रूळ आहे, ही यादी तिथे चालणार नाही.

पेसरचं रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे, तिन्ही शनिवारचं. मेसेज करा, पाठवतो, पैसे नकोत. फक्त ठक एकेकटाच ठेवा.