गवसणीतला तंबोरा

"मॅडम, तिच्यासमोर तिच्या आईचा विषय काढायचा की नाही?"

हा प्रश्न मी समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की समोरचा माणूस खुर्चीत बसल्यावर कसा चुळबुळतो, यावरूनच तो येणार हे कळतं. विचारणारे कधी वडील असतात, कधी मावशी, कधी आजी. एकदा तर एका मुलाच्या वर्गशिक्षिका आल्या होत्या. सगळ्यांना एकच भीती असते. आई गेल्यावर मूल कसंबसं सावरलंय, आपण नाव काढलं तर जखमेवरची खपली निघेल. म्हणून फोटो कपाटात जातो, साड्या माळ्यावर जातात आणि घरात एक नाव उच्चारायचं बंद होतं.

या प्रश्नाचं उत्तर देताना मला हल्ली एक मुलगी आठवते. तिला इथे आयेशा म्हणते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. ती आणि तिचे वडील, दोघांच्या संमतीने लिहिते आहे.

२०२४ च्या जुलैत तिचे वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. राहणार पुण्याचे, मुलगी दहावीत. आई आजारपणात जाऊन सहा महिने झाले होते. "ती रडलीच नाही," ते म्हणाले, "आणि आता दिवसभर कानात इयरफोन घालून बसते. हाक मारली तरी ऐकत नाही."

पहिल्या दोन भेटींत ती माझ्याशी जेमतेम बोलली. मी आईबद्दल विचारलं की "ठीक आहे" एवढंच म्हणायची. तिसऱ्या भेटीत मी प्रश्न विचारणं सोडून दिलं. आम्ही नुसत्या बसलो होतो. बऱ्याच वेळाने ती छताकडे बघत म्हणाली, "तुमच्या पंख्याचा सूर मागच्या वेळेपेक्षा उतरलाय."

मला काही फरक कळला नव्हता. तिला कळला होता. मी वहीत तेवढंच लिहिलं आणि खाली रेघ ओढली. पुढच्या सगळ्या कामाचं टोक त्या वाक्यात होतं, असं मला आजही वाटतं.

"इयरफोनमध्ये काय ऐकतेस?"

"काहीच नाही. आवाज आत येऊ नयेत म्हणून घालते."

वडिलांना मी वेगळं बोलावलं आणि विचारलं, घरात तिच्या आईची कोणती वस्तू अजून डोळ्यांसमोर आहे? ते जरा थांबले. "एक तंबोरा आहे. कोपऱ्यात, कापडी गवसणीत. त्याला कुणी हात लावत नाही."

मग हळूहळू कळलं. आयेशाची आई मिरजेची, सतारी-तंबोरे घडवणाऱ्या घराण्यातली. मिरजेतली ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. इंग्रजी अमलात शस्त्रांचं काम आटलं, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात वाद्यांकडे वळवले. पुढे आडनावच सतारमेकर झालं. वडिलांना हे सगळं माहीत होतं. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमीही त्यांनी मोबाइलवर वाचली होती. मुलीला मात्र दाखवली नव्हती.

"का?"

"तिला आई आठवेल."

"आणि मिरजेला?"

"नाही गेलो. तिथे गेलं की सगळे रडतात. शिवाय दहावीचं वर्ष आहे."

इथे गोष्ट जरा बाजूला ठेवते, कारण हे मला फार घरांत दिसतं. आई गेली की मुलाचं आजोळही जातं. भांडण झालेलं नसतं, कुणी दार लावलेलं नसतं. जावयाला सासरी जाऊन काय बोलावं सुचत नाही, आजी-आजोबांना आपल्या रडण्याचा मुलाला त्रास होईल असं वाटतं, मग फोन कमी होतात आणि सुट्टी दुसरीकडे जाते. 'माय मरो पण मावशी उरो' असं आपण म्हणतो, आणि प्रत्यक्षात मावशीलाच परकं करून टाकतो. आई लहानपणी कशी होती, कशाला हट्ट करायची, कुणाचा मार खायची हे सांगणारी माणसं फक्त आजोळी असतात. तो रस्ता बंद झाला की मुलाकडे आईच्या शेवटच्या आठवणी तेवढ्या उरतात, आणि त्या बहुतेक दवाखान्यातल्या असतात.

आयेशाचंही तसंच झालं होतं. आईचा आवाज आठवायचा म्हटलं की तिला खोकला ऐकू यायचा. हे तिने मला सहाव्या-सातव्या भेटीत सांगितलं. मी विचारलं, "त्याच्या आधीचा? तू लहान असतानाचा?"

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "अम्मी झोपताना गोष्ट सांगायची. म्हातारी भोपळ्यात बसून निघते, ती. पण अम्मीच्या गोष्टीत भोपळा एका जादूच्या गावात थांबायचा. तिथे घराघरांत भोपळे टांगलेले असायचे आणि रात्री ते गायचे."

"कुठलं गाव?"

"गोष्टीतलं."

मी काही बोलले नाही. सांगून टाकायचा मोह आवरणं हा आमच्या कामातला अवघड भाग असतो. वडिलांना मात्र त्याच दिवशी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मिरजेला जाता येईल का, तिला विचारून बघा. न्यायचं ठरवू नका, विचारा. ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाली, "तंबोरा पण घेऊ या. नानांना दाखवू." नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. कोयना एक्स्प्रेसमध्ये दोघांच्या मध्ये तो गवसणीसकट उभा होता, असं वडिलांनी नंतर सांगितलं.

मिरजेत काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. तिने मला जसं सांगितलं तसं लिहिते.

नानांच्या कारखान्याच्या दारातच ती थबकली. वर आढ्याला ओळीने भोपळे टांगलेले. हे भोपळे खायचे नसतात, कडू असतात. पंढरपूरच्या बाजूने येतात, महिनोन् महिने वाळवतात आणि मग त्यांतून तंबोऱ्याचा घेर निघतो. ती कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. "मॅडम, ती गोष्ट नव्हती," ती मला म्हणाली. "अम्मी मला तिचं घर सांगत होती."

नानांनी गवसणी सोडली. तारा छेडल्या आणि म्हणाले, जवारी गेली आहे. जवारी म्हणजे तारेची गुंज. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने घासून ते ती पुन्हा काढायला बसले. मग सुताचा एक धागा तोडला आणि म्हणाले, "आता जीव घालू."

"काय घालायचं?"

"जीव, बेटा. याला जीवच म्हणतात."

तार आणि घोडी यांच्या मधोमध तो धागा सरकवत नेतात. केसभर इकडे की आवाज मुका, केसभर तिकडे की नुसता टणत्कार. नेमक्या जागी आला की तार गुंजायला लागते आणि एका सुरातून कितीतरी सूर उमलतात. नाना धागा सरकवत होते, एका हाताने तार छेडत होते. आयेशाने इयरफोन कधी काढले ते तिलाही आठवत नाही. ती एकदम म्हणाली, "थांबा. इथेच."

नानांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझी आई इथेच थांबवायची मला," ते म्हणाले. "तुझ्याएवढी होती. जवारी झाली की मी हाक मारायचो. गल्लीत कुणी तिला कारागीर म्हटलं नाही, पण या घरातून तिच्या कानाशिवाय तंबोरा बाहेर पडत नव्हता."

आई गेल्यापासून दहा महिन्यांत ती पहिल्यांदा तिथे रडली. नाना रडले, वडीलही रडले. ज्याची त्यांना एवढी भीती होती तेच झालं, आणि संध्याकाळी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी नाना तिला मीरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन गेले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ तिथेच विसावले आहेत. उरुसात अजूनही गायक-वादक येतात आणि त्यांच्यापुढे हजेरी लावतात. पुण्याला परतल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, ते १९३७ ला गेलेत. तरी लोक त्यांना गाऊन दाखवायला येतात."

मी स्वतः शिकले तेव्हा दुःखातून बाहेर पडायचं, गेलेल्या माणसातून मन सोडवून घ्यायचं, असं शिकले. त्या विचारापासून मी केव्हाच दूर आले आहे. नातं तोडायचं नसतं, त्याला नवी जागा शोधून द्यायची असते, हे मी गेली अनेक वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते आहे. पण जवारीचं ऐकल्यावर मला माझंच म्हणणं नीट समजलं. तार घोडीला घट्ट चिकटली तर बोलत नाही, पूर्ण सुटली तरी बोलत नाही. आयेशाच्या घराने तार उचलूनच धरली होती. मूल गप्प होतं ते त्यामुळे.

तर विषय काढायचा का? काढा. पण समोर बसवून "तुला काय वाटतं" असं विचारू नका. त्याला पंधरा वर्षांच्या मुलांकडे उत्तर नसतं. आमटी ढवळताना म्हणा, यात ती चिंच जास्त घालायची. मुलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं तरी चालेल, तुम्ही म्हणालात हे त्याला कळतं. त्याच्यासमोर तुमचे डोळे भरले तर तोंड फिरवू नका. वस्तू हलवण्याआधी त्याला विचारा, निदान एक तरी त्याला निवडू द्या. आजोळी फोन तुम्ही करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका. सगळ्या घरांत तंबोरा नसतो, हे मला माहीत आहे. पण हाताचं वळण असतं, एखादी म्हण, चपात्या लाटायची तऱ्हा असते. मुलात ते दिसलं की सांगा, कुणाचं आहे ते.

आणि जेवण-झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, शाळा बुडत असेल किंवा "मलाही जायचंय" अशी भाषा येत असेल, तर हे घरगुती उपाय करत थांबू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आयेशा त्यानंतर माझ्याकडे आणखी चारदा आली. इयरफोन दप्तरात असायचे. आईचा खोकला अजून ऐकू येतो, पण त्याच्या आधीचंही ऐकू येतं, असं ती म्हणाली. तंबोरा आता बैठकीच्या खोलीत उघडा असतो. शेवटच्या भेटीत वडिलांनी माझ्यादेखत तिला विचारलं, "ती गवसणी मग माळ्यावर टाकू का?"

"नको," ती म्हणाली. "पावसाळ्यात लागेल."