परजीवी किती मारक होतात याचं गणिती मॉडेल करायचंय? आधी सशांची केस घे
एकदम वीस समीकरणं घेऊन बसू नकोस, आधी ऑस्ट्रेलियातले ससे आणि मायक्सोमा व्हायरस (सशांना मारणारा, डासांमुळे पसरणारा) नीट समजून घे. 1950 मध्ये सोडला तेव्हा लागण झालेल्यांपैकी 99 टक्क्यांहून जास्त ससे मरायचे, पण काही वर्षांतच मध्यम मारक स्ट्रेन (व्हायरसचे प्रकार) जास्त दिसायला लागले, कारण ससा पटकन मेला तर डासांना व्हायरस उचलायला वेळच मिळत नाही आणि स्ट्रेन फारच सौम्य असला तर ससा लवकर बरा होतो, म्हणजे दोन्हीकडून पसरायचे दिवस कमीच.

आता कागद घे. आर नॉट म्हणजे लागण झालेला एक प्राणी सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा, आणि साध्या मॉडेलमध्ये ज्या स्ट्रेनचा तो सगळ्यात जास्त, तो जिंकतो. आर नॉट = बीटा × एन भागिले (म्यू + अल्फा + गॅमा), यात बीटा म्हणजे पसरण्याचा दर, एन म्हणजे यजमानांची (परजीवी ज्यांच्यात राहतो त्या प्राण्यांची) संख्या, म्यू म्हणजे इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचा दर, अल्फा म्हणजे रोगामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर आणि गॅमा म्हणजे बरं होण्याचा दर. बीटा अल्फाच्या सरळ प्रमाणात धरलंस तर मारकपणा वाढतच जातो असं उत्तर येतं, म्हणून बीटा हळूहळू सपाट होणारा घे, अल्फा भागिले (एच + अल्फा) असा (एच हा एक स्थिर आकडा), बाकीचे आकडे स्थिर ठेव आणि आर नॉटचं अल्फाच्या संदर्भात डिफरन्शिएशन स्वतः हाताने करून ते शून्याबरोबर मांड. अल्फाचा वर्ग = एच × (म्यू + गॅमा) आला की जमलं, फार भारी वाटतं ते बघून!

एकाच प्राण्यात दोन स्ट्रेन भांडत असतील तर मात्र नुसता आर नॉट वाढवून भागत नाही, तिथे इन्व्हेजन ॲनालिसिस कर, म्हणजे आधीपासून असलेल्या स्ट्रेनमध्ये नवीन स्ट्रेन शिरून वाढू शकतो का ते तपास. आणि यजमान कायम तसाच राहतो असं धरू नकोस, पुढे ससेही रेझिस्टंट झालेच की.