गुरुजींच्या नावाचं मैदान: आधी सातबारा, मग पाटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयुष्यभर गावात शिकवलेले, पोरांना कबड्डीची गोडी लावणारे गुरुजी गेले. शाळेमागच्या मोकळ्या हिरव्या जागेला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय, पण काहींना मधोमध पुतळा हवा आणि काहींना सभामंडप.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. मैदान मोकळंच राहू द्या. ज्या माणसाने पोरांना मातीत खेळवलं, त्याच्या नावाखाली खेळायची माती बुजवू नका.

मालगुंडला जाऊन या. रत्नागिरी जिल्ह्यातलं, गणपतीपुळ्याजवळचं हे केशवसुतांचं जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे त्यांचं स्मारक उभारलं आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कवीचं जन्मघर जपलंय आणि आवारात कविता वाचायला मिळते. ज्याचं स्मारक, त्याचंच काम तिथे चालू आहे. शिवाय उद्घाटनानंतर ते सांभाळायला एक संस्था मागे उभी आहे, आणि माझ्या लेखी खरी मेख तिथेच आहे. हारतुरे झाल्यावर झाडलोट कोण करणार, हे ज्या गावाने ठरवलेलं नसतं तिथे दोन पावसाळ्यांत पाटीसुद्धा गवतात जाते.

आता जागेचं बघा. तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढा. जागा शाळेची, ग्रामपंचायतीची, गावठाणातली की गायरान? गायरान निघालं तर जपून. ती जमीन गुरांच्या चराईसाठी राखलेली असते आणि तिचा वापर बदलायला कायद्याने कडक बंधनं आहेत. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पंजाबातल्या एका गावच्या तळ्याच्या जागेवरून निघालेल्या खटल्यात, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना बजावलं. तेव्हा सभामंडपाचं बांधकाम चांगल्या हेतूने केलं तरी उद्या तेच अतिक्रमण ठरू शकतं. सातबारा पाहून झाला की तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा आणि हद्दीवर दगड रोवा. पाटी बसवण्याआधी हे झालंच पाहिजे. मोकळी जागा कोणी एका दिवसात गिळत नाही. आधी कडब्याची गंजी येते, मग पत्र्याची शेड, मग जोतं.

पुतळ्याचं म्हणाल तर १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक सोयीच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असं म्हटलंय. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुतळा उभा करता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी त्याची देखभाल आणि पावित्र्य जपायची जबाबदारी कायमची गळ्यात पडते. त्यापेक्षा प्रवेशापाशी एक काळा दगड लावा. त्यावर नाव आणि जन्म-मृत्यूच्या सनांखाली गुरुजींनी काय केलं ते चार ओळींत कोरा. वीस वर्षांनी तिथे येणाऱ्या पोराने त्यांना पाहिलेलं नसेल, त्याला नुसत्या नावावरून काय कळणार? देणगीदारांची यादी मात्र त्या दगडावर नको, ती ग्रामपंचायतीच्या वहीत शोभते.

झाडं लावण्याआधी मैदान आखून घ्या. कबड्डीला १३ बाय १० मीटर लागतात, व्हॉलीबॉलला १८ बाय ९, आणि भोवती पळायला मोकळी जागा वेगळी. अनेक गावांत उत्साहाच्या भरात वृक्षारोपण मधोमध होतं आणि पाच वर्षांत खेळच बंद पडतो. झाडं कडेलाच हवीत: कडुनिंब, करंज, बहावा. एका कोपऱ्यात वड किंवा पिंपळ लावून त्याला पार बांधा, म्हाताऱ्या माणसांना बसायला होईल. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्या घरांची नावं आधीच लिहून ठेवा.

विकतचं लॉन आणू नका. त्याला बारमाही पाणी लागतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माणसांनाच टँकरची वाट बघावी लागते. पावसाळ्याच्या तोंडाला हरळीचे तुकडे लावा. उन्हात ती करपल्यासारखी दिसते, पण मुळं धरून असते आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवी होते. कबड्डीचं अंगण मात्र मातीचंच ठेवा.

राहिली मंजुरी. ग्रामसभेत नुसतं नामकरण मंजूर करून थांबू नका. ठरावात स्पष्ट लिहून घ्या की ही जागा खेळासाठी आणि सर्वांसाठी मोकळी राहील, इथे पक्कं बांधकाम होणार नाही, कुणाला ती भाड्याने दिली जाणार नाही, आणि देखभाल अमुक समिती करेल. समितीत गुरुजींचे माजी विद्यार्थी घ्या, आणि मुलीही. मैदानावर मुलींची वेळ राखून ठेवली नाही तर ते मुलांचंच होऊन बसतं, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. गुरुजींच्या घरच्यांची लेखी संमतीही जोडा.

विषय आयत्या वेळी मांडू नका. ग्रामसेवकाकडे आधी अर्ज देऊन तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, पोच घ्या, आणि सभा झाल्यावर ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. सरपंच बदलले की तोच कागद कामाला येतो. सातबारा हातात आला की त्यावरचा धारणा प्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरलेली आहे ते) आणि 'इतर अधिकार' या रकान्यातली नोंद इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.