चार वर्षांच्या पुतणीला रक्ताचा कॅन्सर झालाय. आम्ही घरच्यांनी नेमकं काय करायचं?

हा प्रश्न मुलीच्या काकांनी विचारलाय हे बरं झालं. आईवडिलांना या महिन्यात काही वाचायची शुद्धच नसते. तुम्ही लिहिलंय की नाशिकला एकत्र राहता, गेल्या आठवड्यात पुतणीला एएलएल, म्हणजे हा रक्ताचा कॅन्सर, निघाला, केमो सुरू झाली, सगळं घर हॉस्पिटलात धावतंय आणि वहिनी कोणाशी बोलत नाहीत.

त्या वहिनींच्या जागेवर मी होते. २०१७ चा ऑगस्ट. धाकटा चार वर्षांचा. ताप जात नव्हता, पाय दुखतात म्हणून कडेवरून उतरत नव्हता. पावसाळ्याचे दिवस, त्यात प्लेटलेट कमी, त्यामुळे सगळ्यांना डेंग्यूच वाटला आणि एक आठवडा त्यातच गेला. मग एका डॉक्टरांनी रक्ताची काच पुन्हा बघायला लावली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही परळला टाटात होतो. आज तो सातवीत आहे आणि मोबाइलवरून रोज माझा ओरडा खातो. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला जीव थाऱ्यावर राहील.

तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते ‘सगळं घर धावतंय’ हेच. आम्हीही धावलो होतो. माझे सासरे निफाडकडचे द्राक्षवाले. सगळ्यांची गडबड दोन आठवडे बघून एका संध्याकाळी ते म्हणाले, “दिवाळीत विहीर काठोकाठ दिसते म्हणून कोणी दिवसभर मोटर चालवतं का? पाणी मेपर्यंत पुरवायचंय.” तेव्हा मला राग आला होता. माझं पोर तिकडे सलाइनवर आणि यांना विहीर सुचतेय! पण या आजाराबद्दल इतकं कामाचं पुढे कोणीच बोललं नाही.

कारण हा हिशेब अडीच वर्षांचा असतो. पहिला साधारण महिनाभराचा टप्पा इंडक्शनचा. तो संपताना बोन मॅरो, म्हणजे हाडांतला मगज, तपासतात आणि बहुतेक मुलांच्या मॅरोत तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसत नाही. घरात पेढे वाटायचे बाकी राहतात. पण तिथे थांबलं तर आजार परत येतो, म्हणून पुढे काही महिने कडक केमो, पाठीतली इंजेक्शनं आणि त्यानंतर दीड-दोन वर्षं मेंटेनन्स, म्हणजे घरी रोजच्या गोळ्या. आमच्याकडे पहिल्या महिन्यात दोन आत्या, एक मावशी, चुलत सासरे आणि यांच्या अंबडच्या कंपनीतली निम्मी माणसं मुंबईला येऊन गेली. यांनी वर्षाची सगळी रजा त्याच महिन्यात संपवली. आम्ही दोघं चोवीस तास एकाच खाटेशी बसून, म्हणजे खरं तर एकाने बसलं तरी चाललं असतं. एफडी मोडली तीही तेव्हाच. चौदाव्या महिन्यात पोराचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, पडले, यांची सेकंड शिफ्ट, रजा शिल्लक नाही आणि फोन लावायला नाव सुचेना. सगळ्यांना वाटत होतं, तो तर बरा झाला ना आता.

तेव्हा आज घरात बसून पहिलं काम हे करा: कोण काय करणार ते ठरवा आणि ते अडीच वर्षांसाठी ठरवा. भावाला रजा थोडी थोडी घ्यायला लावा. ज्यांना आत्ता भेटायला यायचंय त्यांना सांगा, पुढच्या वर्षी या. असंही पुतणीला आत्ता गर्दी नकोच.

माझ्या दिरांनी एकच काम घेतलं, तापाचं. काउंट खाली असताना १००.४ ताप म्हणजे पोरीला ताप आलाय इतकंच नाही, ती तातडी आहे. पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं असतं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. आधी डॉक्टरांना फोन आणि निघायचं. भाऊजींनी दाराशी पिशवी भरून ठेवली होती: फाइलच्या झेरॉक्स, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट), चार्जर, बदलायचे कपडे, त्याची उशी. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही हा त्यांचा नियम. २०१८ ला अनंत चतुर्दशीच्या रात्री १०१ ताप आला. आम्ही पंचवटीत, हॉस्पिटल नदीपलीकडे आणि रविवार कारंजाकडे मिरवणूक. भाऊजींनी तो रस्ता दिवसाच मनात बाद केलेला. ते हायवेवरून कन्नमवार पुलाने द्वारका चौकाला निघाले आणि आम्ही वीस मिनिटांत पोचलो. गणपतीच्या दिवशी ढोल ऐकताना मला ती रात्र अजून आठवते. हे काम तुम्ही घ्या, काकांनाच शोभतं.

आता मेंटेनन्सबद्दल, कारण घर ढिलं पडतं ते तिथे. रोज संध्याकाळी सिक्स-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिन) केमोची गोळी. ही गोळी १९५३ पासून वापरात आहे, ती शोधणाऱ्यांपैकी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. रात्री जागून मी काय काय वाचायचे बघा. पोरगं खेळतंय, केस उगवलेत, मग एखादी गोळी राहिली तर काय बिघडलं असं वाटतं. बिघडतं. अमेरिकेत मुलं गोळ्या किती नियमित घेतात ते नोंदवून केलेल्या अभ्यासात, ज्यांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेतले त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. महिन्यात दोन चुकले तरी तुम्ही त्या रेषेखाली जाता. त्यात डोस काउंटप्रमाणे बदलत राहतो, सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार अर्धी, असलं काहीतरी. आमच्या सासूबाईंनी कालनिर्णयावर खुणा केल्या, दूधवाल्याच्या हिशेबासारख्या. मेथोट्रेक्सेट ही दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली तर जिवावर बेततं. आमचा वार गुरुवार ठरला होता, आणि तो डबा वेगळा, वरच्या फळीवर.

घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हात लावायचा नाही. केमोनंतर दोन दिवस उलटी-लघवीचे कपडे हातमोजे घालून दुसऱ्याने धुवायचे. माझ्या जाऊबाईंना २०१८ मध्ये दिवस गेले तेव्हा हे कळलं, तोवर त्याच रोज गोळी अर्धी करायच्या. लगेच बंद केलं. बाळ ठणठणीत झालं. पण त्याला पोलिओचे तोंडातले थेंब द्यायचे की इंजेक्शन, ते धाकट्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं लागलं, कारण त्या थेंबांतला जिवंत विषाणू घरातल्या केमोवाल्या मुलापर्यंत जाऊ शकतो. तुमच्याकडे लहान बाळ असेल तर विचारून घ्या. आणि शेजारी कोणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवा, पुतणीला पुरळ उठायची वाट बघू नका.

स्टेरॉइडचे दिवस मात्र तुम्हाला कोणी नीट सांगणार नाही. गाल फुगतात, पोर ओळखू येत नाही. भूक अशी की रात्री तीनला वरणभात, साडेचारला पुन्हा वरणभात. मीठ कमी, त्यामुळे चिवडा बंद, आणि याला हवा चिवडाच. नाशिकचं पोर! रागाच्या भरात त्याने आजीला ताटली फेकून मारली आणि मग तिच्याच मांडीवर रडत झोपला. ते औषध बोलतंय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तरी ताटली फेकायची नाही, हेही त्याला सांगायचं. आमच्या घरी सगळे त्याच्यापुढे इतके नमले की तो घाबरायला लागला. एकदा मला म्हणाला, “तू ओरडत का नाहीस?” त्या दिवसापासून ओरडायला लागले.

आणि सुईबद्दल खोटं बोलू नका. माझ्या भावाने एकदा ‘आज टुच्ची नाही’ म्हणून त्याला नेलं. पुढे महिनाभर त्याने कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही, रिक्षा दिसली तरी रडायचा.

खाण्याचं म्हणाल तर ताजं, गरम, घरचं. फळं साल काढून खायची: केळं, मोसंबी, संत्रं. आम्हाला द्राक्षं बंद सांगितली होती, सोलता येत नाहीत म्हणून. जानेवारीत घरात क्रेटच्या क्रेट येतायत आणि हा खिडकीतून बघतोय. सासूबाई एकेक मणी गरम पाण्यात बुडवून सोलायला बसल्या. डॉक्टर हसले, म्हणाले, काउंट बरे असतील तेव्हा नीट धुऊन चार द्या. या बाबतीत प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं असतं, तुम्ही तुमच्यांचं ऐका. व्हॉट्सअॅपवरचं ऐकू नका. गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, सगळं आमच्याकडे दारापर्यंत आलं होतं. केमोने आधीच लिव्हर दमलेलं असतं, त्यावर हे नको.

नाशिकला राहता म्हणजे त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा हे आत्तापर्यंत किमान तीन जणांनी सांगितलं असेल. माझा त्यावर विश्वास नाही. सासूबाईंचा होता. आम्ही अट घातली: पोर गर्दीत येणार नाही, अंगारा-तीर्थ त्याच्या पोटात जाणार नाही आणि एकही केमोची तारीख हलणार नाही. त्या सासऱ्यांना घेऊन करून आल्या आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोपल्या. मी भांडले असते तर एक कामाचं माणूस गमावलं असतं.

पैशाचं थोडक्यात. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीला बसलेल्या माणसाला, आजच भेटा. आमच्या वेळी मर्यादा दीड लाख होती, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्डावर पुतणीचं नाव चढवलंय का बघा. आमच्या केशरी कार्डावर थोरलीचं होतं, धाकट्याचं राहूनच गेलेलं, त्यात चार दिवस गेले. पुढे मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीला भाडं लागत नाही, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. सर्टिफिकेट हॉस्पिटल देतं. आमची गाडी सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरायचं. मुक्काम लांबणार असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात सेंट ज्यूडच्या केंद्रांबद्दल विचारा, बाहेरगावच्या मुलांना आईवडिलांसकट तिथे फुकट राहता येतं.

घरात दुसरं मूल आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर माझ्या थोरलीचं ऐका. ती आठ वर्षांची होती, आजीआजोबांकडे राहिली, एकदाही रडली नाही. सगळे म्हणायचे, किती समजूतदार. सहा महिन्यांनी तिच्या वर्गशिक्षिकेने बोलावलं: गणितं बरोबर सोडवते, पण फळ्यावरून उतरवतानाच चुकवते. डोळे तपासले तर दीडचा नंबर. तिला फळा दिसत नव्हता आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आईला आधीच किती काम आहे. चष्मा जाऊबाईंनी करून आणला. मी तेव्हा परळला होते, फोटोत बघितला. त्यानंतर भाऊजींना मी दुसरं काम दिलं: दर रविवारी फक्त थोरलीला घेऊन बाहेर जायचं आणि तिच्याशी आजाराचं काही बोलायचं नाही. मिसळ खायची, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चक्कर मारायची.

राहिल्या तुमच्या वहिनी. त्यांना बोलतं करायला जाऊ नका. ‘काही लागलं तर सांगा’ हे मला शंभर जणांनी म्हटलं आणि मी एकालाही काही सांगितलं नाही, कारण काय लागतंय हे ठरवायचीही ताकद नव्हती. ऑक्टोबरात जाऊबाई पंचवटीने एकट्याच मुंबईला आल्या. सोबत डबा आणि खोबरेल तेलाची बाटली. धाकट्याशेजारी यांना बसवलं, मला बाहेर पायरीवर नेलं आणि माझे केस सोडले. दहा-बारा दिवस फणी लागली नव्हती. गुंता काढायलाच अर्धा तास गेला. त्यांनी विचारलं काहीच नाही, मध्येच एकदा म्हणाल्या, “हलू नका.” तेल जिरवून त्यांनी वेणी घालायला घेतली तेव्हा मी बोलायला लागले, ते त्यांची परतीची गाडी चुकेपर्यंत.